ग्राफ-रेनेटला पहिल्यांदा जाताना

दक्षिण आफ्रिकेच्या सहलीला निघालेली बहुतेक मराठी कुटुंबे केप टाउन, गार्डन रूट आणि क्रूगर या तीन ठिकाणांभोवतीच कार्यक्रम आखतात. देशाच्या मध्यभागी पसरलेले कारू नावाचे निमवाळवंट त्यांना जोहान्सबर्गहून किनाऱ्याकडे धावणाऱ्या गाडीच्या काचेतून जेवढे दिसेल तेवढेच दिसते. याच कारूत, ईस्टर्न केप प्रांतात, संडेज नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणात ग्राफ-रेनेट हे गाव वसले आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, 1786 साली, त्याची स्थापना झाली. केप टाउन, स्टेलनबॉश आणि स्वेलेनडॅम यांच्यानंतर युरोपीय वसाहतवाल्यांनी वसवलेले हे चौथे गाव होय. तेव्हाचे गव्हर्नर व्हान डी ग्राफ आणि त्यांच्या पत्नीचे माहेरचे आडनाव रेनेट यांची जोडी करून हे नाव ठेवले गेले. आफ्रिकान्स बोलणारे लोक त्यातला पहिला वर्ण घशातून ‘ख’सारखा उच्चारतात, म्हणून कोणी ‘ख्राफ-रेनेट’ म्हणाले तर गोंधळून जाऊ नये. आज या लहानशा गावात 220 हून अधिक इमारती वारसा म्हणून जपलेल्या आहेत आणि कॅम्डेबू राष्ट्रीय उद्यानाने गावाला जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेले आहे.

अनेक प्रवासी इथे दुपारच्या जेवणापुरते थांबतात आणि चर्चचा फोटो काढून पुढे निघतात. माझे स्पष्ट मत असे की या गावाला तीन रात्री आणि मधले दोन पूर्ण दिवस द्यावेत, आणि ते एका ठरावीक क्रमाने पाहावे: आधी डोंगरावरून, मग जुन्या रस्त्यांवरून पायी, आणि त्यानंतर, न चुकता, उमासिझाखे या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जाऊन. डोंगरावरून गाव अतिशय सुंदर दिसते, परंतु ते कोणाच्या श्रमावर उभे राहिले आणि त्यातून कोणाला बाहेर ठेवले गेले, हे तिथून दिसत नाही.

केव्हा जावे

तिथले ऋतू आपल्या उलट असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा असून पारा अनेकदा चाळीस अंशांच्या आसपास जातो, तर जून ते ऑगस्ट या हिवाळ्यात दिवस स्वच्छ आणि कोवळ्या उन्हाचे असले तरी रात्री तापमान शून्याखाली उतरू शकते आणि उत्तरेकडच्या स्नीउबर्ग डोंगरांवर बर्फ पडते. स्नीउबर्ग या नावाचा अर्थच बर्फाचे डोंगर असा आहे. पाऊस वर्षाकाठी 350 मिलिमीटरहूनही कमी पडतो आणि त्यातला बराचसा उन्हाळ्याच्या अखेरीस येतो. त्यामुळे मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे दोन काळ सर्वांत सोयीचे होत. महाराष्ट्रातील शाळांच्या मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या नेमक्या याच काळात येतात, ही मुलांसह जाणाऱ्यांसाठी मोठीच सोय आहे. मे महिन्यात मात्र प्रत्येकाजवळ एक जाड स्वेटर असलाच पाहिजे, कारण ऊन उतरले की अर्ध्या तासात हवा बदलते.

निघण्यापूर्वीची तयारी

भारतीय पारपत्रधारकांना दक्षिण आफ्रिकेसाठी व्हिसा आगाऊ घ्यावा लागतो. अर्ज व्हीएफएसच्या केंद्रांतून स्वीकारले जातात, आणि निर्णयाला लागणारा वेळ नेहमी सारखा नसल्याने प्रवासाच्या निदान दीड-दोन महिने आधी अर्ज करणे शहाणपणाचे ठरते. पारपत्रात दोन कोरी पाने असावीत आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीस दिवस त्याची मुदत शिल्लक असावी. लहान मुले बरोबर असतील तर आई आणि वडील अशा दोघांचीही नावे असलेला जन्मदाखला लागतो, आणि पालकांपैकी एकच जण सोबत जात असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्रही लागते. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरण्याच्या आठवड्यात अधिकृत सूचना पुन्हा एकदा वाचून घ्याव्यात.

मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे स्वस्त तिकीट मिळत असेल तर पीतज्वराच्या लसीचा विचार आधी करावा. पीतज्वराचा धोका असलेल्या देशाच्या विमानतळावर बारा तासांहून अधिक काळ थांबलेल्या प्रवाशाकडे दक्षिण आफ्रिकेत या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती ठरावीक सरकारी केंद्रांवरच मिळते. हिवतापाची चिंता मात्र कारूत करावी लागत नाही, कारण तो धोका देशाच्या ईशान्येकडील भागापुरता मर्यादित आहे.

गाडी स्वतः चालवायची असेल तर आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा आणि मूळ परवानाही जवळ ठेवावा. भाड्याची गाडी घेताना अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड लागते, आणि बहुतेक वेळा डेबिट कार्डावर काम भागत नाही. एक लहानशी गोष्ट इथे मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळे पहिल्याच रात्री अनेकांची अडचण होते. तिथल्या भिंतीवरची सॉकेट आपल्याकडे गीझर किंवा एसीसाठी असणाऱ्या तीन जाड गोल पिनांच्या मोठ्या प्लगची असतात. आपल्या मोबाइल चार्जरची लहान पिन त्यात बसत नाही. त्या मोठ्या प्लगचा एखादा एक्स्टेन्शन बोर्ड घरून नेला तर सगळ्या कुटुंबाची सोय होते.

गावापर्यंतचा रस्ता

सर्वांत जवळचा मोठा विमानतळ गेबेर्हा येथे आहे. या शहराचे जुने नाव पोर्ट एलिझाबेथ होते आणि ते 2021 साली बदलले गेले. जोहान्सबर्गहून देशांतर्गत विमानाने गेबेर्हाला उतरावे, तिथे गाडी भाड्याने घ्यावी आणि आर-75 या रस्त्याने जॅन्सनव्हिलमार्गे उत्तरेला निघावे. सुमारे अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटरचे हे अंतर तीन-सव्वातीन तासांत कापले जाते. गार्डन रूटवर असणाऱ्यांनी जॉर्जहून एन-9 महामार्ग धरावा, म्हणजे युनियनडेल, विलोमोर आणि ॲबरडीन ही गावे घेत साधारण चार तासांत पोहोचता येते. जोहान्सबर्गहून थेट गाडीने आल्यास आठशे किलोमीटरहून अधिक प्रवास होतो, आणि नव्या माणसाने तो एका दिवसात करू नये. लांब पल्ल्याच्या बसगाड्याही गावात थांबतात, पण गावापासून दरीपर्यंत किंवा न्यू-बेथेस्डापर्यंत नेणारी सार्वजनिक वाहने नाहीत, त्यामुळे स्वतःची गाडी नसल्यास सहल निम्मी राहते.

वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, तरीही काही सवयी नव्याने शिकाव्या लागतात. सिग्नलला तिथे ‘रोबो’ म्हणतात, तेव्हा कोणी ‘दुसऱ्या रोबोला उजवीकडे वळा’ असे सांगितले तर गोंधळू नये. जिथे चारही बाजूंना थांबण्याची पाटी असते त्या चौकात जी गाडी आधी येऊन पूर्ण थांबेल ती आधी निघते, आणि हा क्रम सगळे काटेकोरपणे पाळतात. आपण भारतीय सवयीने वाट काढत पुढे घुसलो तर अपघात होऊ शकतो. पेट्रोल पंपावर कर्मचारीच पेट्रोल भरतो, काच पुसतो, टायरची हवा पाहतो, आणि त्याला पाच-दहा रँड देण्याची रीत आहे. टाकी अर्ध्यावर आली की ती भरून घ्यावी, कारण दोन गावांमध्ये कधीकधी शंभर किलोमीटरपर्यंत काहीही नसते.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की सूर्यास्तानंतर गाडी चालवू नये. संधिप्रकाशात कुडू हे मोठे, पिळदार शिंगांचे हरीण रस्त्यावर उडी घेते. ते वजनाला दोनशे किलोंच्या पुढे असू शकते आणि दोन मीटरचे कुंपण सहज ओलांडते. गेबेर्हाला विमान दुपारी दोननंतर उतरत असेल तर त्या रात्री तिथेच मुक्काम करावा आणि सकाळी निघावे.

कुठे राहावे

मुक्काम जुन्या गावाच्या आतच करावा, म्हणजे पाहण्याच्या बहुतेक इमारती चालत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर येतात. इथली अनेक जुनी घरे अतिथिगृहे म्हणून चालवली जातात: जाड भिंती, उंच छत, हिरव्या झडपांच्या खिडक्या आणि समोर ‘स्टूप’ म्हणजे आपल्याकडच्या ओसरीसारखा ओटा. उन्हाळ्यात हीच घरे नव्या बांधणीच्या खोल्यांपेक्षा थंड राहतात. शाकाहारी कुटुंबांनी स्वयंपाकघर असलेले घरच घ्यावे, त्याचे कारण पुढे येईलच. तंबूत राहण्याची आवड असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय उद्यानातही सोय आहे.

पाण्याबाबत मनापासून विनंती आहे. गावाला पाणी पुरवणारे न्क्वेबा धरण 2019 च्या सुमारासच्या दीर्घ दुष्काळात कोरडे पडले होते आणि लोकांना बोअरवेल आणि टँकरवर दिवस काढावे लागले होते. मराठवाड्यातल्या वाचकाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. आंघोळ बादलीच्या हिशेबानेच करावी, आणि नळाला कमी दाबाने पाणी आले तर यजमानाशी वाद घालू नये.

पहिली संध्याकाळ: ओसाडीची दरी

सामान ठेवून चहा झाला की साधारण सूर्यास्ताच्या दोन तास आधी ‘व्हॅली ऑफ डेझोलेशन’कडे निघावे. मरेजबर्गकडे जाणाऱ्या रस्त्याने गावापासून माथ्यापर्यंत सुमारे 14 किलोमीटर अंतर आहे. उद्यानाच्या फाटकावर प्रवेशशुल्क भरावे लागते आणि परदेशी पाहुण्यांसाठी त्याचा दर अधिक असतो. याच सहलीत ॲडो हत्ती उद्यान किंवा क्रूगरही करणार असाल तर सर्व राष्ट्रीय उद्यानांसाठी चालणारे ‘वाइल्ड कार्ड’ हे वार्षिक सदस्यत्व स्वस्त पडते का, याचा हिशेब घरीच करून ठेवावा. फाटक संध्याकाळी किती वाजता बंद होते हे आत शिरतानाच विचारून घ्यावे.

चढाचा रस्ता डांबरी पण अरुंद आणि वळणांचा आहे. वाटेत दिशादर्शक चकती बसवलेले एक टेकाड लागते, तिथे आधी थांबावे. खाली नदीच्या वळणात बसवलेले अख्खे गाव, एका बाजूला स्पँडाऊकॉप हा टोकदार टोपीसारखा सुळका, दुसरीकडे धरणाचे पाणी, आणि सगळ्यापलीकडे क्षितिजापर्यंत सपाट, तपकिरी, निर्मनुष्य कारू. गावाची रचना इथून नकाशासारखी दिसते, म्हणूनच पहिली भेट इथे द्यावी असे मी सुचवतो.

तिथून पुढे माथ्यावरच्या वाहनतळापर्यंत जावे आणि दगडी पायवाटेने कड्याच्या टोकाशी यावे. समोर 120 मीटर उंचीपर्यंतचे दगडी खांब एकमेकांवर ठोकळे रचावेत तसे उभे आहेत. या खडकाला डोलेराइट म्हणतात. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी गोंडवन हा महाखंड फुटू लागला, तेव्हा पृथ्वीच्या पोटातला तप्त रस वरच्या गाळाच्या थरांत घुसला आणि जमिनीखालीच थिजला. थंड होताना त्याला उभ्या भेगा पडल्या, पुढे वरचा मऊ गाळ पाण्याने आणि वाऱ्याने वाहून गेला आणि हे कठीण खांब उघडे पडले. सह्याद्रीचे कडे पाहत वाढलेल्या माणसाला ही जवळची गोष्ट वाटेल, कारण आपला काळा पाषाणही अशाच रसाचा आहे. फरक एवढाच की तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर येऊन पसरला, तर इथला आतच अडकून राहिला.

कड्याला सगळीकडे कठडे नाहीत, त्यामुळे लहान मुलांचा हात सोडू नये आणि फोटोसाठी टोकावर उभे राहू नये. ज्यांना चालायचे असेल त्यांच्यासाठी दीड किलोमीटरची एक वर्तुळाकार पायवाट आहे आणि ती पाऊण तासात पुरी होते. कड्यांच्या आसपास मोठा काळा गरुड घिरट्या घालताना दिसू शकतो, म्हणून दुर्बीण गाडीत विसरू नये.

दुसरा दिवस, सकाळ: पायी गाव

गावातली संग्रहालये कामाच्या दिवशी पाहणे उत्तम. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी वेळा कमी असतात, काही ठिकाणे बंदही राहतात, त्यामुळे मुक्काम आठवड्याच्या मध्यात येईल असे पाहावे.

सुरुवात ग्रोटे केर्कपासून करावी. इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या कॅथेड्रलवरून आराखडा बेतलेले हे डच रिफॉर्म्ड चर्च 1887 साली पूर्ण झाले आणि ते मुख्य रस्त्याच्या बरोबर मधोमध उभे असल्याने वाहनांना त्याला वळसा घालूनच जावे लागते. तिथून चर्च स्ट्रीटने चालत जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत यावे. आत कारूतल्या जीवाश्मांचा उत्तम संग्रह आहे आणि याच गावात जन्मलेले वर्णभेदविरोधी नेते रॉबर्ट सोबुक्वे यांच्या जीवनावरचे दालनही आहे. या दालनात निदान अर्धा तास थांबावे, कारण दुपारचा कार्यक्रम त्यावरच उभा आहे.

जवळच हेस्टर रुपर्ट कला संग्रहालय आहे. 1821 सालच्या मिशन चर्चची ही इमारत पाडली जाणार होती. ती वाचवून तिथे 1966 मध्ये दक्षिण आफ्रिकी चित्रकारांचा संग्रह मांडला गेला. उद्योगपती अँटन रुपर्ट यांचा यात पुढाकार होता आणि ते याच गावचे होते. मात्र हे चर्च ज्या मिश्रवंशीय लोकांचे होते त्यांना वर्णभेदी कायद्यांमुळे गावाबाहेर क्रूनव्हेलला जावे लागले, हेही चित्रे पाहताना ध्यानात असावे.

पुढे ड्रॉस्टडी येते. ड्रॉस्टडी म्हणजे डच अमदानीतल्या दंडाधिकाऱ्याची कचेरी आणि निवास. लुई थिबो या फ्रेंच वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला आणि 1806 च्या सुमारास ती पुरी झाली. आज तिथे हॉटेल आहे. त्यापूर्वी, 1795 साली, इथल्या डच शेतकऱ्यांनी कंपनीच्या दंडाधिकाऱ्याला हाकलून स्वतःचे स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले होते. तो दंडाधिकारी आपल्या मजुरांच्या आणि शेजारच्या आफ्रिकी जमातींच्या बाजूने बोलतो, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. ड्रॉस्टडीच्या मागच्या बाजूला स्ट्रेचेस कोर्ट नावाची बैठ्या घरांची एक सुंदर गल्ली आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेली माणसे एकोणिसाव्या शतकात या घरांत राहत असत. रंगवलेल्या झडपांचे फोटो सगळेच काढतात, पण ही माहिती असेल तर त्या गल्लीतून चालण्याची गती आपोआप मंदावते.

ड्रॉस्टडीसमोरून पार्सनेज स्ट्रीट सरळ रेनेट हाउसपर्यंत जातो. 1812 साली धर्मगुरूंचे घर म्हणून बांधलेल्या या वास्तूत स्कॉटलंडहून आलेले अँड्र्यू मरे आणि त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र चार्ल्स राहिले. परसात चार्ल्स यांनी 1870 साली लावलेली द्राक्षाची वेल अजून जिवंत आहे. तिचे खोड एखाद्या जुन्या वडाच्या बुंध्यासारखे जाड झाले होते आणि पुढे त्यातला वाळका भाग काढून टाकावा लागला. नाशिककडच्या बागायतदारांनी ती वेल जरूर पाहावी. घरात पीच फळांच्या आठळ्या रोवून केलेली एक जमीनही आहे, आणि मुलांना ती सर्वांत जास्त आवडते. 1980 मध्ये हे घर आगीत जळाले होते व नंतर ते पुन्हा बांधून काढले गेले.

दुसरा दिवस, दुपार: सोबुक्वे यांचे गाव

रॉबर्ट मांगालिसो सोबुक्वे यांचा जन्म 5 डिसेंबर 1924 रोजी इथेच, मजुरी करणाऱ्या आईवडिलांच्या पोटी झाला. शिष्यवृत्तीच्या बळावर ते फोर्ट हेअर विद्यापीठात शिकले, पुढे जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात अध्यापक झाले आणि 1959 मध्ये पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस या वर्णभेदविरोधी पक्षाचे पहिले अध्यक्ष झाले. कृष्णवर्णीयांना सतत जवळ बाळगावा लागणारा पास घरी ठेवून पोलिसांपुढे अटकेसाठी उभे राहायचे, असे आंदोलन त्यांनी पुकारले. 21 मार्च 1960 रोजी त्यांनी स्वतः अटक करवून घेतली आणि त्याच दिवशी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात अधिकृत आकड्यानुसार 69 माणसे मारली गेली. तीन वर्षांची शिक्षा संपताच सरकारने खास कायदा करून त्यांना खटल्याशिवाय आणखी सहा वर्षे रॉबेन बेटावर इतर कैद्यांपासून दूर, एका वेगळ्या घरात एकटे ठेवले. लोक त्या कायद्याला ‘सोबुक्वे कलम’ म्हणत आणि तो त्यांच्याशिवाय कोणालाही लावला गेला नाही. 1969 नंतर किम्बर्लीत हद्दपारीसारखे जगताना ते वकील झाले, आणि 27 फेब्रुवारी 1978 रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांना याच गावात पुरले आहे. त्यांच्या कबरीची अनेकदा नासधूस झाली आहे, यावरून हा इतिहास इथे अजून किती ओला आहे ते कळते.

उमासिझाखे या नावाचा अर्थ ‘आपण स्वतःला उभारू या’ असा होतो. तिथे सोबुक्वे यांच्या नावाने चालणारे संग्रहालय आणि शिक्षणकेंद्र आहे. एकट्याने गाडी घेऊन जाण्याऐवजी आपल्या यजमानाकडून किंवा गावातल्या पर्यटन कार्यालयातून वस्तीतलाच मार्गदर्शक ठरवावा आणि केंद्र उघडे असेल याची आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी. यामुळे रस्ता चुकत नाही, मोबदला वस्तीतल्याच माणसाच्या हाती जातो आणि घरांच्या दारांतून होणारी बोलणी नुसत्या दर्शनापेक्षा कितीतरी मोलाची ठरतात. माणसांचे, विशेषतः मुलांचे, फोटो विचारल्याशिवाय घेऊ नयेत. भेटताच खोसा भाषेत ‘मोलो’ आणि निरोपाला ‘एन्कोसी’, म्हणजे धन्यवाद, एवढे म्हटले तरी समोरचा चेहरा खुलतो. अनेकांना एकत्र नमस्कार करताना ‘मोल्वेनी’ म्हणावे. गावाला सोबुक्वे यांचे नाव देण्याचा प्रस्ताव अलीकडच्या वर्षांत पुढे आला आणि त्यावरून गावात तीव्र मतभेद आहेत, तेव्हा पाहुण्याने या विषयावर मते देण्याऐवजी ऐकावे.

दिवसाचे दीड-दोन तास उरले असतील तर उद्यानाच्या प्राणी पाहण्याच्या भागात गाडीतून फेरी मारावी. इथे सिंह किंवा हत्ती नाहीत. केपचा पहाडी झेब्रा, कुडू, स्प्रिंगबॉक आणि रानम्हैस दिसू शकतात, आणि रानम्हशीमुळेच गाडीतून उतरण्यास मनाई आहे.

तिसरा दिवस: न्यू-बेथेस्डा

ग्राफ-रेनेटपासून सुमारे 50 किलोमीटरवर, स्नीउबर्गच्या कुशीत, न्यू-बेथेस्डा हे अगदी छोटे खेडे आहे. गावावर 2,502 मीटर उंचीच्या कंपासबर्गची नजर असते. निघताना टाकी भरावी आणि रोख रक्कम बरोबर घ्यावी, कारण पंप किंवा बँक तिथे असेल असे गृहीत धरता येत नाही. पिण्याचे पाणीही घ्यावे.

तिथे पहिल्यांदा ‘आउल हाउस’, म्हणजे घुबडांचे घर, पाहावे. हेलन मार्टिन्स या 1897 साली जन्मलेल्या बाईंनी आईवडिलांच्या मृत्यूनंतर एकाकी आयुष्यात हे घर उजेडाने भरायचे ठरवले आणि काचेचा चुरा भिंतींवर, छतांवर बसवला. मागच्या अंगणात त्यांनी सिमेंटची शेकडो शिल्पे उभी केली: उंट, घुबडे, यात्रेकरू, आणि त्यांतली कितीतरी पूर्वेकडे तोंड केलेली. 1960 च्या दशकापासून कोस माल्गास हे मजूर कारागीर त्यांच्यासोबत होते आणि अनेक शिल्पे प्रत्यक्षात त्यांच्या हातची आहेत; त्यांचे नाव दुय्यम समजले जाऊ नये असे मला आग्रहाने वाटते. दृष्टी जाऊ लागल्यावर 1976 मध्ये हेलन यांनी आपले जीवन संपवले. मुलांना घेऊन जाताना ही कथा किती सांगायची हे आधी ठरवून ठेवावे. खोल्या लहान आहेत आणि काच नाजूक आहे, म्हणून पाठपिशव्या बाहेर ठेवाव्यात, आणि सकाळचे तिरपे ऊन आत येते तेव्हाच जावे.

त्यानंतर किचिंग जीवाश्म केंद्रात जावे. मार्गदर्शक नदीच्या कोरड्या पात्रात नेऊन खडकात जसेच्या तसे रुतलेले, 25 कोटी वर्षांहून जुने प्राणी दाखवतात. डायनोसॉर येण्याच्या फार आधीचे, सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांच्या कुळातले हे जीव होते. त्यांतल्या लिस्ट्रोसॉरस या प्राण्याचे जीवाश्म कारूत, अंटार्क्टिकात आणि आपल्याकडे राणीगंजच्या परिसरातही सापडले आहेत, आणि हे भूभाग एकेकाळी जोडलेले होते याचा तो एक भक्कम पुरावा मानला जातो. खडक उचलून आणणे हा कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा मुलांचे खिसे गाडीत बसण्यापूर्वी तपासावेत.

गावातून चालताना रस्त्यांच्या कडेने वाहणारे पाट दिसतील. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी या पाटांतून पाळीपाळीने घराघरांच्या बागेत सोडले जाते आणि ज्याची पाळी असते त्याने त्या वेळी आपले दार उघडायचे असते. खानदेशातली फड पद्धत ज्यांनी पाहिली असेल ते इथे थोडा वेळ नक्की रेंगाळतील. दुपारी चारच्या आत परतीला लागावे.

खाणे, पैसे आणि सावधगिरी

कारूची कोकराच्या मटणाबद्दल देशभर ख्याती आहे, कारण तिथल्या मेंढ्या सुगंधी झुडपांवर चरतात आणि तो वास मांसात उतरतो असे मानतात. मांसाहार करणाऱ्यांनी ते एकदा खावेच. निखाऱ्यावर भाजलेली ‘रूस्टरकूक’ ही छोटी पावभाकरी, पाकात बुडवलेली वेणीच्या आकाराची ‘कूक्सिस्टर’ आणि दुधाचा ‘मेल्कटर्ट’ हे शाकाहाऱ्यांनाही चालण्यासारखे आहेत, मात्र मेल्कटर्टमध्ये अंडे असते. उपाहारगृहांत शाकाहारी माणसाला बहुधा बटाटा, सॅलड आणि चीजवर भागवावे लागते. गावातल्या दुकानांत तांदूळ, डाळी, भाज्या, दही आणि मक्याचे पीठ मिळते, त्यामुळे घरून नेलेल्या मसाल्यावर खिचडी सहज होते. घरगुती मांस, दुग्धजन्य पदार्थ, बियाणे आणि फळे विमानातून नेऊ नयेत.

कार्ड जवळपास सगळीकडे चालते. एटीएमपाशी कोणी मदत देऊ केली तर नम्रपणे नकार द्यावा आणि यंत्र बँकेच्या आतले वापरावे. गाडीत काहीही उघड्यावर ठेवू नये. रस्त्यावर गाडी राखणाऱ्या माणसाला परतताना काही नाणी द्यावीत, ती त्याची रोजी असते. अंधार पडल्यावर पायी फिरू नये. पोलिसांसाठी 10111, रुग्णवाहिकेसाठी 10177 आणि मोबाइलवरून 112 हे क्रमांक नोंदवून ठेवावेत.

निघताना

मरेजबर्गच्या रस्त्यावर, गावाबाहेर, गिडिओन स्खीपर्स या, ब्रिटिशांशी लढलेल्या बोअर (डच वंशाच्या शेतकऱ्यांच्या) सेनेतल्या सेनानीचे एक साधे स्मारक आहे. ब्रिटिशांनी 18 जानेवारी 1902 रोजी त्याला गावाजवळ गोळ्या घातल्या आणि त्याचा देह कुठे पुरला ते त्याच्या कुटुंबाला कधीच कळले नाही. तो तेव्हा 23 वर्षांचा होता. सोबुक्वे यांच्या कबरीनंतर इथे दहा मिनिटे थांबणे मला उचित वाटते.

उत्तरेला जाणाऱ्यांनी एन-9 ने लूट्सबर्ग घाट ओलांडून मिडलबर्ग आणि कोल्सबर्गच्या दिशेने जावे, पण हिवाळ्यात निघण्यापूर्वी घाट बर्फामुळे बंद नाही ना, हे यजमानाला विचारावे. गेबेर्हाकडे परतणाऱ्यांनी पहाटे उजाडताच निघाल्यास वाटेत ॲडो हत्ती उद्यानासाठी अर्धा दिवस मिळतो. 1931 मध्ये अवघे अकरा हत्ती उरले असताना ते सुरू झाले होते, आणि आता तिथे सहाशेहून अधिक आहेत. उन्हाच्या वेळी ते पाणवठ्यांवर येतात, म्हणून अकराच्या सुमारास फाटकातून आत शिरावे, आणि विमान संध्याकाळी उशिराचे घ्यावे.